तळपायापर्यंत

नाकपुडीच्या काठाशी टेकणारा श्वास आत जाताना गार आणि बाहेर येताना किंचित उबदार लागतो, हे मला वयाच्या तिशीत कळले! जन्मापासून घेत आलेल्या श्वासाचा साधा स्पर्शही ठाऊक नसावा? आपण स्वतःच्याच देहात किती परक्यासारखे नांदतो, नाही?

ही विद्या चिखलीच्या माझ्या मामांची. ब्रह्मदेशात कारकुनी करून ते परतले, तेव्हा तिथल्या भिक्षूंकडून शिकलेले हे ध्यान तेवढे सोबत घेऊन आले. मी माहेरपणाला गेले असता त्यांनी मला समोर बसवले. मंत्र नको, मूर्ती नको. डोळे मिटून माथ्यापासून तळपायापर्यंत चित्त हळूहळू उतरवायचे, आणि जिथे जे जाणवेल, मग त्या मुंग्या असोत वा ठणका, ते नुसते पाहायचे. सोपे वाटले ना? करून पाहा म्हणजे कळेल! माझे चित्त कसेबसे गुडघ्यापर्यंत यायचे आणि तिथून थेट चुलीवरच्या वरणात उडी घ्यायचे. पावले काही मला सापडेनात.

त्यातून दुसरबीडजवळच्या माझ्या सासरी बाईने नुसते बसणे म्हणजे शुद्ध आळस. शिवाय त्या वर्षी घरावर एक जड मौन पसरले होते. थोरल्या जाऊबाईंचा लहानगा मुलगा तापाने गेला होता. त्याचे नाव कोणी काढत नसे. जाऊबाई रडत नव्हत्या, नुसत्या राबत होत्या. क्षणभर थांबले तर दुःख गाठेल, असे भय त्यांच्या हातापायांत शिरले होते. त्यांच्याशी काय बोलावे, हे मला काही केल्या उमगत नव्हते आणि जीव तुटत होता.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी, सगळे कापूस वेचायला गेलेले पाहून, मी चुलीवर वरण ठेवले आणि माजघरात ध्यानाला बसले. त्या दिवशी काय झाले कोण जाणे! माथ्यावर मुंग्यांची लाट उठली, खांदे थरथरू लागले, मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळले. नेमक्या तेव्हाच जाऊबाई कापसाचे गाठोडे टाकायला घरी परतल्या. आमच्याकडे अशा थरथरणाऱ्या बाईचा अर्थ एकच : देवी अंगात आली! माझ्या कपाळाला कुंकू लागले आणि पाठोपाठ पावलांवर त्यांचे मस्तक टेकले.

"माय, माहा डोळा लागला आन तो गेला. माह्यावर रागावून गेला का वं?"

देवीच्या आवाजात नुसते 'नाही' म्हटले असते, तरी त्यांना ते पटले असते. कुठे देवीचा कौल आणि कुठे धाकट्या जावेचा शब्द! एका खोट्याने एक आई सुटणार असेल, तर ते बोलावे की गिळावे? मामांनी हे काही शिकवले नव्हते. जे आहे ते पाहा, एवढेच ते म्हणाले होते. आणि त्या क्षणी काय होते? माझ्या पावलांवर कढत आसवे होती. जिथे चित्त कधी पोचले नव्हते, तिथे ते त्या आसवांसरशी पोचले होते.

मी डोळे उघडले.

"बाई, मी देवी नाई हो. मी तुमची धाकटी जाऊ. पन त्या पहाटी पानी घेऊन मीच आत आले होते. तुमचा डोळा लागला होता, खरं हाये. पन तुमचा हात त्याच्या छातीवरच होता. मी पाह्यलं."

आता त्या संतापतील, असे मला वाटले. त्यांनी माझ्या पावलांवरून मस्तक उचलले.

"कोनता हात?"

"उजवा."

जाऊबाईंनी उजवा तळवा उलटून पाहिला. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेला तो हात त्यांनी सावकाश स्वतःच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. तळवा श्वासासरशी वर येत होता, खाली जात होता. मग इतके दिवस कोंडलेले रडू फुटले.

मी त्यांना खेटून बसून राहिले. नाकपुडीशी गार श्वास लागत होता. त्यात हळूहळू वरण करपल्याचा वास मिसळला, पण आम्ही दोघीही उठलो नाही.