आईचे दात आणि बाबांचा कॅमेरा

पहिल्या नोकरीत मी डिजिटल कॅमेरा घेतला आणि फोटो काढून काढून सगळ्या घराला वैताग आणला. टिकत नव्हता तो फक्त आईचा फोटो. तिचे वरचे दात जरा पुढे, त्यामुळे हसू आलं की पदर तोंडावर. चुकून हसताना सापडलीच, तर धावत येऊन मागच्या पडद्यावर बघायची आणि फर्मान सोडायची, "डिलीट मार!" मारेपर्यंत हलायची नाही. मला तर तिचं तेच हसू हवं होतं. हट्टच धरला होता मी.

एकलहऱ्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये कपाट आवरताना बाबांचा जुना रोलचा कॅमेरा सापडला. मी नाशिकरोडहून रोल आणला. बाबांनी तो घालून दिला आणि बजावलं, "संपला की माझ्याकडे आण, स्वतः उघडू नकोस." ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुरडया चालल्या होत्या. शेजारच्या काकू सोऱ्या दाबत होत्या, आई शिजवलेला चीक आणून देत होती. मी काकूंचा फोटो काढला आणि सवयीनं कॅमेरा उलटा करून बघितला. मागे नुसतं काळं झाकण. काकूही चिकट हातांनी धावत आल्या, "बघू बघू, कशी आलेय मी?" आम्ही दोघी त्या झाकणाकडे टक लावून उभ्या! आई अशी काही हसत सुटली की बस. दोन्ही हातांत गरम पातेलं, तोंड झाकणार कशानं? मी पटकन बटण दाबलं.

"डिलीट मार!"

"यात होत नाही, आई."

"होत नाही म्हणजे? कसला मेला कॅमेरा!"

मला तर नाचावंसं वाटलं. त्याच तोऱ्यात संध्याकाळपर्यंत रोल संपवला आणि कार्ड काढावं तसं सरळ झाकण उघडलं. बाबा ओरडले, "अगं बये, बंद कर! रोल गुंडाळला नाहीस, उजेड लागला ना!" मला रडूच फुटलं. आई म्हणते कशी, "बरं झालं, माझा गेला असेल." बाबांनी रोल गुंडाळून दिला. "सुरुवातीचे फोटो आतल्या वेढ्यांत असतात," ते म्हणाले, "वाचतीलही."

आणि वाचला! शेवटचे सगळे फोटो जळालेले, पण आईचा आला होता. कडेला थोडी तांबूस झळ, मधोमध दात-हिरड्यांसकट आई. काय आनंद झाला म्हणून सांगू! पण ती फाडून टाकेल या धास्तीनं मी तो लांबूनच दाखवला. तिनं माझ्या हातातून ओढून घेतला आणि खिडकीपाशी नेला.

"माझी आई अशीच हसायची," ती म्हणाली. "हेच दात. मी लहान होते गं ती गेली तेव्हा. सायखेड्याला आमच्याकडे कोण येतंय फोटो काढायला? तिचा एकही फोटो नव्हता."

मग डोळे पुसत हसली. तोंड न झाकता.

"आता आहे."