विमान उतरल्याचा मेसेज

मंडळी, तुळजापुरात माझं विमानाची तिकिटं काढून द्यायचं छोटं दुकान आहे. गावाकडची माणसं बुकिंगला स्वतःचा नंबर देत नाहीत, "तुमचाच टाका" म्हणतात. त्यामुळं कुणाचंही विमान उतरलं की सामान कुठल्या पट्ट्यावर येणार, हा मेसेज माझ्याच मोबाईलवर येतो.

आज दुपारी अणदूरच्या एका मावशींचा फोन आला. त्यांचा लेक पहिल्यांदाच दुबईला गेलाय.

"भाऊ, पोचलं का वो माझं लेकरू?"

"व्हय मावशी. आत्ताच मेसेज आला."

"लई बरं झालं बघा. तुमची लेक बी आजच जाणार व्हती न्हवं? ती पोचली का?"

"पोचली," म्हणालो आणि फोन ठेवला.

लेकीनं यंदा तिकीट स्वतःच ॲपवर काढलं, नंबरही तिचाच. तिचं बेंगळुरूचं विमान सकाळीच वेळेत उतरलं, एवढं मला दुकानातल्या स्क्रीनवर दिसलं. तिचा फोन अजून नाही. मोबाईल वाजला की उचलतोय, तर दुसऱ्याच कुणाच्या तरी सामानाचा पट्टा.

तुमच्यापैकी कुणी आज लांब पोचला असाल, तर घरी एक फोन करा. बापाला विमानाची वेळ तोंडपाठ असली, तरी करा.