भातुकलीतली बिट्टी

पूजेच्या ताटात बिट्टीची पिवळी फुलं दिसली की आजही मी ती उचलून बाजूला ठेवते. कामोठ्याला आमच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या आमच्या दारासमोरच बिट्टीचं बुटकं झाड होतं. लांब निमुळती पानं, तुतारीसारखी फुलं. एका सोमवारी मी फुलं तोडत होते आणि माझी सहा वर्षांची लेक झाडाखाली भातुकली मांडून बसली होती. ती घरात जाऊन आली तेव्हा तिच्या बोटांवर पांढरा चीक दिसला. खाली हिरवं फळ दगडाने ठेचलेलं होतं आणि आतल्या बिया गायब. त्या म्हणजे निव्वळ विष. "बिया खाल्ल्यास?" मी ओरडलेच. "मी नाय. आजोबांना वाढल्या. त्यांनी सगळ्या खाल्ल्या." सासऱ्यांना नीट दिसत नव्हतं आणि नातीने दिलेलं ते कधी नको म्हणत नसत. मी धावत आत गेले. खुर्चीत बसलेल्या त्यांचं तोंड हलत होतं. "बाबा, थुंका आधी!" ते दचकले आणि त्यांनी मूठ उघडली. सगळ्या बिया तळहातावर होत्या. "अगं, पावलं वाजली, मला वाटलं तीच आली. तिच्यासमोर खातोय असं दिसायला नको?" आता लेक खरा स्वयंपाक करते. तिने ताट पुढे केलं की मी आधी तिची बोटं बघते.