न लिहिलेली एक गोष्ट

माझी धाकटी बहीण मारित ब्लॉग लिहायची. लेक ऊने पोटात होती तेव्हापासून. पोरीचा पहिला दात, पहिला ताप, अंथरूण ओलं केलं ते, सगळं आम्हा घरच्यांच्या आधी अख्ख्या नॉर्वेला कळायचं. नवरा सोडून गेल्यावर तर त्या ब्लॉगवरच घर चालायला लागलं. लोकरीच्या कपड्यांवाले जाहिरातीचे पैसे द्यायचे, पण त्यांना हवी असायची ऊने. ती नसलेल्या फोटोकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

"बंद कर की एकदाचं," मी म्हणायचे.

"आणि खाऊ काय गं ताई? तुझं डोकं?"

तिचं बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग यायचा.

दुकानात अनोळखी बायका ऊनेचा गाल ओढायच्या. "बेडकाला मुका देणारी ती तूच ना?" पोरगी फोटोतल्यासारखी गोड हसायची. घरी आली की खोलीचं दार लावून घ्यायची.

पंधराव्या वर्षी तिचं कन्फर्मेशन, म्हणजे पोरं मोठी झाल्याचा चर्चमधला विधी, ठरलं. आमच्याकडे चर्चमधून आल्यावर जेवणाच्या टेबलावर आईबाप उभे राहतात आणि पोराच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात. ऊने माझ्यासमोरच म्हणाली, "आई, मला भेट नको. भाषणात एकच गोष्ट सांग, ब्लॉगवर नसलेली. फक्त माझी."

"एवढंच? अगं, दहा सांगते!"

त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. ऊने आजीच्या हातचं भरतकाम असलेला बुनाद, आमच्याकडचा सणासुदीचा पारंपरिक पोशाख, घालून बसली होती. मारितने चमच्याने पेला वाजवला. "ऊने तीन वर्षांची असताना तळ्यावर..."

"बेडूक!" काका ओरडले. हशा पिकला.

"बरं, शाळेच्या पहिल्या दिवशी..."

"दोन्ही बूट डाव्या पायाचे!" आत्याला तर तारखेसकट पाठ होतं.

मारितने आणखी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मी मनात म्हणत होते, आठव गं बये, काहीतरी आठव. ऊने तिच्याकडे टक लावून बघत होती.

"माझ्याकडे एकही उरली नाही गं," मारित म्हणाली. "सगळ्या विकल्या मी." आणि भर पंगतीत रडायला लागली.

ऊने उठली, आईच्या गळ्यात पडली. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"असू दे, आई. ही झाली माझी गोष्ट. फक्त ही लिहू नकोस."

"शप्पथ."

मारितने शप्पथ पाळली. आजतागायत त्या दिवसाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पण केक कापायच्या आतच आमच्या वहिनीने मायलेकींच्या त्या रडण्याचा व्हिडिओ नेटवर टाकलासुद्धा, आणि खाली लाल बदामांची रीघ लागली. ऊनेने फोन पाहिला, टेबलावर पालथा ठेवला. तेवढ्यात कुणीतरी "इकडे बघ गं" म्हणालं, आणि ती गोड हसली.