वसुधावहिनींची परडी

वसुधावहिनी मूळच्या साताऱ्याच्या. लग्नाआधी रोज पहाटे अजिंक्यतारा चढायच्या आणि उतरताना लोकांच्या कुंपणावरची निम्मी जास्वंद परडीत घालून आणायच्या. वर घरमालकाला ऐकवायच्या, "यंदा फूल बारीक आलंय तुमचं." १९६१ साली श्टुटगार्टला आल्या तेव्हा ट्रंकेत देव होते आणि देवांखाली ती परडी.

नवरा श्यामकांत डॉक्टरेटच्या मागे, आठवड्याचे सहा दिवस प्रयोगशाळेत. घरी भिंतींशी किती बोलणार? म्हणून वहिनींनी श्रीयुत क्नाप यांच्या भटकंती मंडळावर नेम धरला. क्नाप निवृत्त मास्तर. त्यांच्यापुढे ढगांनीही रांगेत चालावं. नियम असा, की रविवारच्या तीन फेऱ्या पुऱ्या केल्या तरच मंडळाचा बिल्ला. वहिनींना तो हवाच होता.

दोन फेऱ्यांत त्यांनी पदर खोचून निम्मं मंडळ मागे टाकलं. तिसरी फेरी जूनमध्ये, शहराजवळच्या आल्ब डोंगराच्या पठारावर. पायाखाली चुनखडीचा पांढरा खडक, मेंढ्यांनी चरून आखूड केलेलं गवत, मधूनमधून ज्युनिपरची टोकदार झुडपं, निळी फुलपाखरं. तिथल्या एका उंचवट्याखाली अडीच हजार वर्षांपूर्वीचा कुणी सरदार पुरलेला. क्नाप त्याची लांबी-रुंदी सांगत होते. वहिनींना मात्र त्याच्या उतारावरची जांभळी फुलं दिसली आणि सोमवारची पूजा आठवली. मापं संपेपर्यंत पाच तुरे परडीत.

क्नाप वळले. ही ऑर्किडं कायद्यानं राखलेली आहेत, एकेक फुलायला वर्षानुवर्षं जातात, हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रविवार म्हणून बरोबर आलेल्या श्यामकांतचे कान लाल झाले. "अगं, माफी माग आणि ती परडी झाक आधी."

"झाकायला मी काय चोर आहे, अहो?"

होत्याच. पण ते म्हणायची कुणाची छाती होती?

वहिनींनी बूट काढले, उंचवट्यापाशी जाऊन पाचही तुरे मातीवर ठेवले आणि हात जोडले. मग मोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "चूक माझी. तोडलेलं परत लावता येत नाही. पण ज्याच्या अंगणातलं, त्याला देता येतं."

तीस वर्षं क्नाप लोकांना इथे आणत होते. मापं सगळ्यांनी लिहून घेतली होती, फूल कुणी वाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली. पुन्हा घातली आणि सांगितलं, बिल्ला आज नाही. राखीव झाडांची यादी पाठ करा, महिन्यानं परीक्षा.

वहिनींनी चाळीसच्या चाळीस नावं घडाघडा म्हटली. बिल्ल्याबरोबर फुलांची राखणही पदरात पडली. पुढं पठारावर कुणी फुलाकडे हात नेला, की वहिनींची काठी आधी पोचायची.

घरच्या देवांचं म्हणाल, तर खालच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या खिडकीत जिरेनियम आहे. यादीत नाही ते, वहिनींनी दोनदा बघून घेतलंय. हल्ली त्या मालकीणबाईंना सांगतात, यंदा फूल बारीक आलंय.