सुलेखाचा खर्ज

सुलेखा गायकवाडचा आवाज जाड होता. नाशिकला शाळेत बाईंनी तिला समूहगीतात मागे उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तेव्हापासून ती गायलीच नाही. पुढे लग्न झालं, चंद्रशेखरबरोबर ती सिंगापूरला आली, तांजोंग पगारच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासू लागली. दोघं बिशानला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत.

२०१४ सालच्या एका शनिवारी ती बाजार घेऊन परतली, तर इमारतीखालच्या मोकळ्या जागेत तीन म्हातारे चिनी अंकल वाद्यांशिवाय गात होते. एक मुख्य गाणं म्हणत होता, बाकीचे ‘डू-वॉप, डू-वॉप’ करत साथ देत होते. पिशव्या खाली ठेवून सुलेखा ऐकत राहिली आणि नकळत खालच्या सुरात ‘डुम-डुम’ करू लागली.

त्यांतले लिम अंकल गाता गाता थांबले. “हा तर बासचा सूर! आमचा खालचा सूर धरणारा बास मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेला. तू ये, लाह!” ते सिंगापुरी ढंगात म्हणाले.

त्यांनीच तिला या डू-वॉप गाण्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या शहरांत वाद्यं घ्यायची ऐपत नसलेली पोरं गल्लीच्या कोपऱ्यावर जमायची आणि तोंडानंच सगळी वाद्यं वाजवायची. बघता बघता ती रेडिओवर आली. लिम अंकलनी शाळकरी वयात ते रेडिओवरच ऐकलं होतं.

सुलेखा दर शनिवारी जाऊ लागली. अडचण एकच होती. तिचा आवाज कितीही जाड असला तरी पुरुषाइतका खाली जाईना. म्हणून सगळी गाणी दोन सूर वर उचलली, आणि मग सर्वांत वरची पट्टी गाणाऱ्या तिओ अंकलचा आवाज फाटू लागला. बाहत्तर वर्षांचे तिओ अंकल एक दिवस चिडून म्हणाले, “एक तर ती, नाही तर मी!” आणि निघून गेले.

सुलेखाला रडू आलं. “मीच सोडते,” ती घरी म्हणाली.

चंद्रशेखर तोवर शनिवारी तिच्याबरोबर जाऊन नुसता बसून ऐकायचा. त्याचा आवाज बारीक, त्याची त्याला लाज. तो हळूच म्हणाला, “ती वरची ओळ मला येते. अंघोळ करताना म्हणतो.”

“म्हणून दाखव.”

त्यानं डोळे मिटून म्हटली. सुलेखा बघतच राहिली, मग त्याला हाताला धरून थेट तिओ अंकलच्या दारात घेऊन गेली. अंकलनी दारातच ऐकलं.

“श्वास चुकीच्या जागी घेतोय हा,” ते म्हणाले. “आत ये. शिकवतो.”

पुढचे दोन महिने त्यांनी चंद्रशेखरला घासून तयार केलं आणि स्वतः मधली पट्टी घेतली. म्हणाले, “इथं सुरासाठी टाचा उंचावाव्या लागत नाहीत, गुडघ्यांनाही बरं वाटतं.”

कम्युनिटी क्लबच्या कार्यक्रमात पाचजण उभे राहिले. जाड आवाज निघाला तेव्हा लोक चंद्रशेखरकडे बघत होते, बारीक निघाला तेव्हा सुलेखाकडे. खरा प्रकार कळला आणि पहिल्या रांगेतल्या आजीबाई हसून हसून टाळ्या वाजवू लागल्या.

पुढच्या वर्षी शेजारच्या इमारतीतल्या चार बायकांनी आपला गट काढला. त्यांना खालचा सूर शिकवायला सुलेखा जाऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं त्यांना ओळीत न बसवता गोल बसवलं, सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यावं म्हणून.