उन्हात घातलेले सेल

भागूबाईला लिहिता-वाचता येत नाही. पण रेडिओचा मोठा सेल हातात दिला, की त्यात आणखी किती दिवसांचा जीव उरलाय हे ती सांगते, आणि सहसा चुकत नाही. बेचाळीस वर्षांचा सराव आहे. सेल उतरले की काढायचे, बूड दगडावर घासायचं, दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवायचे, मधे एकदा पापडासारखे उलटायचे आणि गरम असतानाच परत रेडिओत घालायचे. मेलेला सेल आणखी चार दिवस बोलतो.

हे तिला नवऱ्यानं, भिमाजीनं शिकवलं, खर्ड्याजवळच्या वस्तीवर, लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात. तुम्ही म्हणाल, किती हौशी माणूस! हौशी कसला, कर्दनकाळ. कातडी पिशवीतला तो तीन बँडचा ट्रान्झिस्टर त्याला गाण्यांसाठी लागतच नव्हता. बायकोला मारायचं ठरलं की तो आधी रेडिओचं बटण शेवटपर्यंत फिरवायचा, मग दाराला कडी घालायचा. स्टेशन लागो न लागो, नुसती खरखरही चालायची. शेजारी आवाज जाता कामा नये. घरची अब्रू! मारता मारता रेडिओ घोगरा झाला, तर सेल का तापवले नाहीत म्हणून आणखी चार लाथा. म्हणजे आपलंच ओरडणं बुडवायचं सामान भागूबाईनं आपल्याच हातानं उन्हात घालायचं. ती घालायची. तोंडात पदर कोंबून मार कसा खायचा, तेही ती तिथंच शिकली. दोन दात, डाव्या हाताचं एक बोट आणि पोटातलं पहिलं पोर तिनं त्या आवाजात घालवलं.

भिमाजी मेला तेव्हा ती रडली नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. कसला धक्का? त्या रात्री ती कधी नव्हे ती पाय पसरून झोपली.

पण खाण तशी माती. मुलगा वैजनाथ नागापूरला एमआयडीसीत कामाला लागला, तिथंच पत्र्याच्या चाळीत खोली घेतली आणि आईला घेऊन आला. आईच्या गाठोड्यातून रेडिओही आला. कशाला आणलास म्हणून विचारलं तर ती म्हणायची, "चालती वस्तू टाकवंना." वैजनाथचं लग्न झालं, सविता घरात आली, आणि बापाचा धडा पोरानं पुढं चालवला. टीव्ही त्यानं दसऱ्याला लाथेनं फोडला होता, मोबाईलचा आवाज पुरत नव्हता. पहिली पाळी संपवून तो चारच्या सुमारास यायचा. भाजीत मीठ, उंबऱ्यात चप्पल, काहीही पुरायचं. मग म्हणायचा, "म्हातारे, रेडिओ लाव."

आणि म्हातारी लावायची. सांगताना राग येतो, पण खरं ते खरं. सून कोपऱ्यात तुडवली जायची आणि दुसऱ्या दिवशी सासू पत्र्यावर सेल वाळत घालायची. चाळीत शोभा नको, आणि नाही म्हटलं तर तो आपल्यालाच धरील, ही भीतीही होती. सविताला तिनं एकच गोष्ट शिकवली, "वढनी तोंडात घालीत जा, दात ऱ्हात्यात." काय पण शिकवण!

यंदाच्या मार्चमध्ये सविता भावाला फोनवर म्हणाली, मला कायमची घेऊन जा. वैजनाथच्या ते कानावर गेलं. तो कामावरून आला तो हातात लोखंडी गज घेऊनच. दाराला कडी न लावताच म्हणाला, "आज हिचं दोनी पाय मोडतो. मंग बघू कुठं जाती. म्हातारे, रेडिओ लाव!"

चारही सेल भागूबाईच्या ओच्यात होते, नुकतेच पत्र्यावरून काढलेले, चटका बसेल इतके गरम. तिनं सविताकडं पाहिलं. पोरगी पळाली नव्हती. भिंतीला टेकून, कुणी न सांगता, ती ओढणीचा बोळा करून तोंडात घालत होती.

भागूबाई उठली. बाहेर जाऊन तिनं एकेक सेल गटारात टाकला, आणि आत आली.

"सेल न्हाईत," ती म्हणाली.

पहिला फटका तिच्याच खांद्यावर बसला. दुसरा सविताच्या नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज खोलीत स्पष्ट ऐकू आला, कारण आज दुसरा कुठलाच आवाज नव्हता. सविता ओरडली नाही. भागूबाईनं तिच्या तोंडातला बोळा ओढून काढला.

"वरड! आगं वरड की पोरी!"

सविताचं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. सवयच मोडली होती. तेव्हा भागूबाई स्वतः दारात गेली आणि ओरडली. शब्द नव्हते, नुसता आवाज, दम संपला की पुन्हा.

शेजारचा टेम्पोवाला छगन आणि चाळीतले आणखी तिघे धावले. त्यांनी वैजनाथला फरफटत बाहेर काढलं आणि त्याच्याच गजानं त्याला फोडला. नाक मोडलं, दात पडले. आईचं काळीज वगैरे म्हणतात, असेल कुठंतरी. भागूबाईनं कुणाचा हात धरला नाही.

छगनची बायको मालनबाई सविताला पाणी पाजत होती. मान खाली घालून म्हणाली, "मावशी, आमाला समदं म्हाईत हुतं. रेडिओ मोठा झाला की आमी आमचं दार लावून घ्यायचो."

भागूबाईला आत्ता कळलं. म्हणजे रेडिओनं काही झाकलं नव्हतं, रोजची दवंडीच पिटली होती! इथंही, आणि खर्ड्याच्या वस्तीवरही.

सविताला दवाखान्यात नेलं. पायात सळई घालावी लागली, पण पाय राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी भागूबाई खांदा बांधून पोलीस ठाण्यात बसली. टेबलामागच्या पोलीस बाईनं विचारलं, "आजी, मुलाविरुद्ध जबाब देताय. नंतर फिरणार नाही ना?"

"न्हाई."

तिनं सगळं सांगितलं. बाईनं लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी कुणाचा हात होता यात?"

"व्हय. माजा. रेडिओत सेल मी घालीत हुते."

बाईचं पेन थांबलं. "आजी, तो काही गुन्हा होत नाही."

"तुमच्या कायद्यात नसंल," भागूबाई म्हणाली. "लिवा."